आढ्याचे पाणी कोणत्या वळचणीला?



शाळेच्या भिंतीवर टांगलेला महाराष्ट्राचा नकाशा आपण सर्वांनी पाहिला आहे. घरात शिकणारे मूल असेल तर त्याच्या भूगोलाच्या पुस्तकातही तो असतोच. आज रात्री जेवणे आटोपली की मुलांना तो नकाशा काढायला सांगा आणि कृष्णा नदीचा उगम शोधा. तो महाबळेश्वरजवळ सापडेल. तिथून पश्चिमेला अरबी समुद्र किती लांब आहे? सरळ रेघ ओढली तर सुमारे ६४ किलोमीटर.

आता कृष्णा जाते कुठे ते पाहा. हाकेच्या अंतरावरच्या त्या समुद्राकडे ती पाठ फिरवते. सातारा, सांगली करीत कर्नाटकात शिरते, पुढे तेलंगण आणि आंध्र प्रदेश ओलांडते आणि सुमारे १,४०० किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. गोदावरीचेही तेच. त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर ती उगम पावते. तिथून अरबी समुद्र सुमारे ८० किलोमीटर. पण ती नाशिक, पैठण, नांदेडवरून १,४६५ किलोमीटरचा प्रवास करून पूर्वेच्या समुद्राला जाते.

जवळचा समुद्र सोडून ही लांबची वाट कशासाठी? मुले लगेच उत्तर देतील, "पाणी उताराकडे वाहते." उत्तर बरोबर आहे. पण उतार कोणत्या बाजूला हे कोण ठरवते? आणि माणसाने मध्ये हात घातला तर काय होते? या दुसऱ्या प्रश्नाचा संबंध आपल्या घरातल्या नळाशी आहे, दिव्याशी आहे आणि शेताशीही आहे. म्हणून आज हा विषय घेतला.

घराचे आढे आणि देशाचे आढे

गावाकडचे कौलारू घर डोळ्यांपुढे आणा. छपराच्या सर्वांत वरच्या लाकडाला आपण आढे म्हणतो. आढ्याच्या दोन्ही बाजूंना दोन पाखे उतरलेली असतात. पावसाचा थेंब आढ्याच्या बोटभर अलीकडे पडला तर तो अंगणाकडच्या वळचणीला येतो. बोटभर पलीकडे पडला तर परसाकडे जातो. वर आभाळात दोन थेंब शेजारी-शेजारी होते. खाली आल्यावर त्यांची गाठ पडत नाही.

जमिनीचेही असेच असते. डोंगराच्या ज्या रांगेवरून पाणी दोन बाजूंना ढळते, त्या रांगेला भूगोलात जलविभाजक म्हणतात. एका जलविभाजकापासून दुसऱ्यापर्यंतच्या ज्या प्रदेशाचे पाणी एकाच नदीला मिळते, ते त्या नदीचे खोरे. आणि जो जलविभाजक एका बाजूचे पाणी एका समुद्राला व दुसऱ्या बाजूचे पाणी दुसऱ्या समुद्राला पाठवतो, तो मोठा, म्हणजे खंडीय जलविभाजक. आपला सह्याद्री हा दक्षिण भारताचा असाच मोठा जलविभाजक आहे. सह्याद्रीचा घाटमाथा हे साऱ्या दख्खनचे आढे समजा.

मात्र या घराची दोन पाखे सारखी नाहीत. कोकणाकडचे पाखे आखूड आणि उभे आहे. देशावरचे पाखे लांबच लांब आणि जवळजवळ सपाट आहे. थोडा हिशेब करू. कृष्णेचा उगम समुद्रसपाटीपासून सुमारे १,३३७ मीटर उंचीवर आहे आणि तिची लांबी १,४०० किलोमीटर. भागाकार केला तर किलोमीटरला सरासरी एक मीटरही उतार पडत नाही. उलट त्याच महाबळेश्वरच्या डोंगरातून निघणारी सावित्री नदी कोकणात उडी घेते आणि सुमारे १०० किलोमीटरमध्ये बाणकोटच्या खाडीवाटे समुद्र गाठते.

सावित्री आपल्याला परकी नाही. महाड शहर तिच्याच काठी वसले आहे. १९२७ सालच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहामुळे महाडचे नाव घराघरात आहे. म्हणजे महाडजवळून वाहणारे पाणी आणि कराड-सांगलीजवळून वाहणारे पाणी एकाच डोंगरावर पडलेले असते. घाटमाथ्याची एक धार मध्ये आल्याने एक अरबी समुद्राला जाते आणि दुसरे बंगालच्या उपसागराला.

जुन्या महाबळेश्वरच्या देवळात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्या एकाच गोमुखातून येतात अशी श्रद्धा आहे. त्या वेगवेगळ्या दिशांना का गेल्या याबद्दल शापाच्या कथाही सांगतात. ज्याला कथा ऐकायची त्याने ऐकावी. पण मुलाने विचारले, तर त्याला छपराचे आढे दाखवावे. शाप असो वा नसो, पाणी उतारानेच जाते.

छप्पर असे कलते का झाले?

याचे उत्तर फार जुने आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीला भेगा पडून त्यांतून तप्त लाव्हा बाहेर आला. तो थरावर थर साचत गेला. तोच आपला काळा कातळ. सह्याद्रीच्या कड्यांवर आडवे पट्टे दिसतात, ते या थरांचेच. पुढे भारताच्या पश्चिमेचा भूभाग तुटून दूर गेला. आज हिंदी महासागरात असलेली सेशेल्स बेटे त्या तुटलेल्या भागाचा अवशेष आहेत. तुटलेल्या बाजूला जमिनीची कड उंच राहिली आणि पठार पूर्वेकडे कलले. म्हणून नद्यांना पूर्वेची वाट मिळाली.

पश्चिमेकडचे ओढे आखूड आणि जोरदार आहेत. ते कडा खालून कुरतडत मागे सरकवत असतात. म्हणजे हे आढेसुद्धा जागचे हलत नाही असे नाही. लाखो वर्षांच्या हिशेबाने ते पूर्वेकडे सरकत आले आहे. आपल्या आयुष्यात मात्र ते जिथे आहे तिथेच समजायचे.

अशा जोड्या सह्याद्रीवर ठिकठिकाणी दिसतात. त्र्यंबकच्या डोंगररांगेतून गोदावरी पूर्वेला जाते आणि वैतरणा पश्चिमेला. नाशिकचा माणूस गोदावरीचे पाणी पितो. मुंबईच्या चाळीत येणाऱ्या पाण्यात वैतरणेचा मोठा वाटा असतो. लोणावळ्याच्या परिसरातून इंद्रायणी देहू-आळंदीकडे जाते, तर उल्हास नदी कर्जत, बदलापूर, कल्याणच्या बाजूला उतरते. रेल्वेने कसारा घाट चढून इगतपुरीला पोहोचलात की आपण आढे ओलांडलेले असते. तिथल्या डोंगरांतून निघणारी दारणा गोदावरीला मिळते.

मोठ्या आढ्याला आडवी लहान आढीही आहेत. हरिश्चंद्र-बालाघाटची रांग गोदावरी आणि भीमा यांची खोरी वेगळी करते. शंभू महादेवाची रांग भीमा आणि कृष्णा यांच्यामध्ये आहे. सातमाळा-अजिंठ्याची रांग गोदावरी आणि तापी यांची वाटणी करते. आपण सहलीला अजिंठ्याची लेणी पाहायला जातो. लेण्यांच्या पायथ्याशी वाहणारी वाघूर नदी उत्तरेला तापीला मिळते, म्हणून तिचे पाणी अरबी समुद्रात जाते. त्याच सहलीत आपण वेरूळला येतो. तिथले पाणी गोदावरीकडे वळते आणि बंगालच्या उपसागराला जाते. नागपूरच्या नाग नदीचे पाणी कन्हान, वैनगंगा आणि प्राणहिता या वाटेने शेवटी गोदावरीतच पडते. नाशिकचा पाऊस आणि नागपूरचा पाऊस शेवटी एकाच नदीतून समुद्राला जातो.

एखादा हुशार विद्यार्थी विचारेल, "पठार पूर्वेकडे कलले आहे, तर नर्मदा आणि तापी पश्चिमेला कशा वाहतात?" प्रश्न चांगला आहे. या दोन नद्या जमीन खचून तयार झालेल्या लांबट दऱ्यांतून वाहतात. सातपुड्याच्या उत्तरेला नर्मदेची दरी आणि दक्षिणेला तापीची. छपरावर पन्हळ बसवला की पाणी पाख्याच्या उताराने न जाता पन्हळातून जाते, तसे हे झाले. मध्य प्रदेशातील अमरकंटकला तर नर्मदा पश्चिमेला निघते आणि तिथूनच जवळ उगम पावणारी सोन नदी उत्तरेकडे जाऊन बिहारमध्ये गंगेला मिळते.

जगातही हाच नियम

दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वताची रांग पश्चिम किनाऱ्याला चिकटून आहे. ॲमेझॉन नदीचे दूरचे उगम पेरू देशात, पॅसिफिक महासागरापासून २०० किलोमीटरच्या आत आहेत. तरी तिचे पाणी सारे खंड ओलांडून ६,००० किलोमीटरहून अधिक अंतरावरच्या अटलांटिकला जाते. आपली कृष्णा-गोदावरी आणि त्यांची ॲमेझॉन, गोष्ट एकच.

उत्तर अमेरिकेत रॉकी पर्वतावरून असाच जलविभाजक जातो. तिथे वायोमिंग राज्यात एक ओढा आहे. 'टू ओशन क्रीक', म्हणजे दोन महासागरांचा ओढा, असे त्याचे नाव. डोंगरमाथ्यावर एका जागी तो दुभंगतो. एक फाटा यलोस्टोन, मिसुरी आणि मिसिसिपी या नद्यांवाटे सुमारे ५,६०० किलोमीटर जाऊन अटलांटिकच्या बाजूला मेक्सिकोच्या आखातात पोहोचतो. दुसरा फाटा स्नेक आणि कोलंबिया या नद्यांवाटे सुमारे २,२०० किलोमीटर जाऊन पॅसिफिकला मिळतो. आपल्या आढ्यावरच्या दोन थेंबांची गोष्ट तिथे उघड्या डोळ्यांनी पाहता येते.

एकाच रात्रीचा पाऊस

सह्याद्री नद्यांची वाटणी करतो, तशी पावसाचीही करतो. समुद्रावरून येणारे ढग कड्याला अडून वर चढतात आणि घाटमाथ्यावर रिकामे होतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच ते सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण-खटावकडे मात्र साधारण पाचशे मिलिमीटरच्या आसपासच. आईने एकाच घरात एका लेकराला ताट भरून वाढावे आणि दुसऱ्याला चतकोर द्यावा, तसा हा प्रकार. पण यात कोणाचा दोष नाही. ही डोंगराची रचना आहे.

आढ्यावर पाऊस फार झाला तर दोन्ही वळचणींना त्रास होतो. जुलै २०२१ मध्ये हे आपण पाहिले. त्या महिन्याच्या २२ तारखेच्या सुमारास महाबळेश्वरला २४ तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. माणमध्ये वर्षभरात जेवढा पडतो त्याहून अधिक एका दिवसात. पश्चिमेला महाड आणि चिपळूण पाण्यात गेले. महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळून ८० हून अधिक माणसे गेली. पूर्वेला सांगली-कोल्हापूरकडेही महापूर आला. टीव्हीवर या बातम्या वेगवेगळ्या दाखवल्या गेल्या. नकाशात पाहिले तर पाऊस तोच, घाटमाथा तोच, फक्त वळचणी दोन.

म्हणून कोकणात नदीकाठी किंवा डोंगराच्या पायथ्याशी ज्यांची घरे आहेत, त्यांनी आपल्या गावात पाऊस किती झाला एवढेच पाहून भागत नाही. वर घाटमाथ्यावर किती झाला हे विचारले पाहिजे. कोकणातल्या नद्या आखूड आणि उभ्या उताराच्या आहेत. वरचे पाणी काही तासांत दारात येते. सांगलीकडच्या माणसाला एखादा दिवस मिळतो, महाडच्या माणसाला तेवढाही मिळत नाही.

आढ्याला भोक पाडले तेव्हा

इथवर निसर्गाची गोष्ट झाली. आता माणसाची.

घाटमाथ्यावर पूर्वेला वाहणारी नदी आणि तिच्या पलीकडे पश्चिमेला एकदम पाचशे मीटर खोल कोकण. हे पाहून कोणाच्याही मनात विचार येईल की नदी धरणाने अडवावी, डोंगराला बोगदा पाडावा आणि पाणी पश्चिमेला खाली सोडावे. इतक्या उंचीवरून पडणाऱ्या पाण्यावर भरपूर वीज तयार होते.

टाटांनी हेच केले. लोणावळ्याच्या परिसरातले पाणी खाली सोडून १९१५ साली खोपोलीचे वीजघर सुरू झाले. १९२२ साली भिवपुरीचे आणि १९२७ साली भिरा येथील वीजघर सुरू झाले. या विजेवर मुंबईच्या कापड गिरण्या चालल्या. आपल्या किती तरी आजोबांनी ज्या साच्यांवर आयुष्य काढले, ते साचे भीमेच्या खोऱ्यातल्या, पूर्वेला जाणाऱ्या पाण्याच्या जोरावर फिरत होते. गिरण्या गेल्या, पण पाणी वळवण्याची व्यवस्था राहिली.

भिऱ्याच्या विजेसाठी मुळा नदीवर मुळशीचे धरण झाले. त्यात सुमारे ५० गावांची जमीन गेली. त्या शेतकऱ्यांनी १९२१ ते १९२४ या काळात सत्याग्रह केला. सेनापती बापट त्याचे नेते होते. धरण थांबले नाही. धरणाखाली जमीन जाणाऱ्या माणसांचा देशातला हा सुरुवातीचा मोठा लढा मानला जातो.

स्वातंत्र्यानंतर कोयना प्रकल्प आला. कोयना महाबळेश्वरहून निघून दक्षिणेला वाहते, हेळवाकजवळ पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेत मिळते. या वळणाच्या आधी धरण बांधून पाणी बोगद्यातून पश्चिमेला पोफळीकडे नेले. तिथे वीज करून झाल्यावर ते पाणी वाशिष्ठी नदीत सोडतात. वाशिष्ठी चिपळूणवरून दाभोळच्या खाडीला जाते. जे पाणी बंगालच्या उपसागराला जायचे, ते अरबी समुद्रात गेले. कोयनेच्या सर्व टप्प्यांची मिळून वीजनिर्मितीची क्षमता १,९६० मेगावॉट आहे. महाराष्ट्राच्या घराघरातल्या दिव्यात तिचा वाटा आहे. ज्यांची गावे बुडाली त्या धरणग्रस्तांना मात्र पुनर्वसनासाठी दशकानुदशके मोर्चे काढावे लागले. हाही त्याच प्रकल्पाचा इतिहास आहे.

हिशेब मांडून पाहू

हे पाणी किती? कृष्णेच्या पाणीवाटपासाठी १९६९ साली बच्छावत लवाद नेमला गेला. नदीच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या राज्यांचे म्हणणे स्वाभाविक होते, की खोऱ्यातले पाणी खोऱ्याबाहेर नेले तर आमच्या वाट्याचे कमी होते. लवादाने पश्चिमेला वळवायच्या पाण्यावर मर्यादा घातली. कोयनेसाठी वर्षाला ६७.५ टीएमसी आणि टाटांच्या वीजघरांसाठी ४२.६ टीएमसी.

टीएमसी हा शब्द वर्तमानपत्रात रोज येतो, पण त्याचा अर्थ कोणी सांगत नाही. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, म्हणजेच सुमारे २,८३२ कोटी लिटर. दोन्ही आकड्यांची बेरीज ११० टीएमसी होते. पैठणच्या जायकवाडी धरणाचा नाथसागर काठोकाठ भरला तर त्यात सुमारे १०२ टीएमसी पाणी मावते. म्हणजे लवादाने घातलेली मर्यादा पूर्ण वापरली, तर एका नाथसागराहून अधिक पाणी दरवर्षी आढे ओलांडून पश्चिमेला जाते. मुंबईच्या नळांशी तुलना करू. शहराला रोज सुमारे ३९० कोटी लिटर पाणी पुरवले जाते असे धरले, तर एकट्या कोयनेच्या ६७.५ टीएमसीत मुंबईचे सव्वा वर्षाहून अधिक भागेल.

याचा अर्थ वीजघरे बंद करा असे कोणी घाईने म्हणू नये. विजेची गरज खरी आहे. पाण्यावरची वीज हवी तेव्हा चटकन सुरू करता येते आणि तिला कोळसा लागत नाही. पण दुष्काळाच्या साली जेव्हा माणची बाई हंडा घेऊन टँकरची वाट पाहत उभी असते, तेव्हा त्याच जिल्ह्याच्या घाटमाथ्यावरचे पाणी बोगद्यातून समुद्राकडे चाललेले असते. हा जमाखर्च तिला कोणी तरी समजावून सांगितला पाहिजे. जमा कोणाच्या खात्यात आणि खर्च कोणाच्या नावावर, हे विचारण्याचा तिला हक्क आहे.

आता उलटी मागणी जोर धरते आहे. महाराष्ट्राच्या एकूण क्षेत्रफळात कोकणाचा वाटा सुमारे दहा टक्के, पण राज्याच्या नदीपाण्यात त्याचा वाटा चाळीस टक्क्यांहून अधिक आहे. म्हणून कोकणातून समुद्राला जाणारे पाणी उचलून गोदावरीच्या खोऱ्यात, मराठवाड्याला द्यावे, अशा योजना सरकारदरबारी मांडल्या गेल्या आहेत.

मराठवाड्याची तहान खरी आहे, यात वाद नाही. पण आपल्याकडे एक म्हण आहे, वळचणीचे पाणी आढ्याला जात नाही. विजेचे पंप लावले तर ते जाते, पण त्याचे बिल येते. एक हजार लिटर पाणी ५०० मीटर उंच चढवायला, काहीही वाया गेले नाही असे धरले तरी, सुमारे १.३६ युनिट वीज लागते. एका टीएमसीला पावणेचार कोटींहून अधिक युनिट. प्रत्येक योजनेत उंची कमी-जास्त असेल, त्याप्रमाणे आकडा बदलेल. पण गणित हेच. एका बाजूला पाणी खाली सोडून वीज मिळवायची आणि दुसऱ्या बाजूला वीज खर्चून पाणी वर चढवायचे, हे दोन्ही एकाच घाटमाथ्यावर करायचे असेल, तर दोन्ही खाती शेजारी-शेजारी ठेवूनच निर्णय झाला पाहिजे. आणि कोकणातल्या ज्या वाड्या मे महिन्यात स्वतःच टँकरवर असतात, त्यांचे नाव त्या यादीत सर्वांत आधी असले पाहिजे.

खोरे हेच एकक

नदीचा विचार आढ्यापासून समुद्रापर्यंत अखंड करावा, हे सूत्र आपल्या देशात धोरण म्हणून पुढे आले त्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा वाटा मोठा आहे. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. पाणी आणि विजेचे नियोजन त्या खात्याकडे होते. बिहार आणि बंगाल या दोन प्रांतांतून वाहणाऱ्या दामोदर नदीचा प्रश्न त्यांच्यापुढे आला. प्रांताच्या सीमा माणसाने आखलेल्या, नदीची सीमा जलविभाजकाने आखलेली. म्हणून साऱ्या खोऱ्याची एकच योजना हवी, आणि त्यात पूरनियंत्रण, सिंचन आणि वीज यांचा एकत्र विचार हवा, या दिशेने काम झाले. त्यातून १९४८ साली दामोदर खोरे महामंडळ उभे राहिले. राज्याराज्यांतल्या नदीतंट्यांचा निवाडा करण्यासाठी संविधानात २६२ वे कलम आहे.

खोऱ्याचा असा अखंड विचार झाला तरच वरच्याचा आणि खालच्याचा हक्क एका कागदावर येतो. नाही तर वरचा म्हणतो पाणी माझ्या गावातून जाते, खालचा म्हणतो ते माझ्या वाट्याचे आहे, आणि ज्याच्या हातात दरवाजाची चावी त्याचेच खरे ठरते.

वाचकहो, शेवटी एक गृहपाठ देतो. तो लहानमोठ्या सर्वांसाठी आहे. आपल्या मूळ गावाजवळचा ओढा कोणत्या नदीला मिळतो, ती पुढे कोणत्या नदीला मिळते आणि शेवटी कोणत्या समुद्राला जाते, हे मुलांना नकाशावर बोट ठेवून शोधू द्या. मग आज आपण जिथे राहतो तिथल्या नळाचे पाणी कोणत्या धरणातून येते, ते आढ्याच्या कोणत्या बाजूचे आहे, हेही शोधा. बहुतेक घरांत गाव एका बाजूला आणि नळ दुसऱ्या बाजूला निघेल. पोटासाठी माणसांनी घाट उतरला, म्हणून हे असे झाले.

आणि ग्रामसभेत किंवा वॉर्डाच्या सभेत पाण्याची नवी योजना कोणी मांडली, तर टाळ्या वाजवण्याआधी तीन प्रश्न विचारा. हे पाणी कोणत्या खोऱ्यातले? ते नेल्यावर खालच्या गावांना किती उरणार? आणि ज्यांची जमीन जाणार त्यांना आधी काय मिळणार? या तीन प्रश्नांची उत्तरे लेखी मागा, आणि ती मिळेपर्यंत आपली सही देऊ नका.